आक्काची गाडी उलटी का जाईना

पेरूचा मृग बहार उतरायला लागला की राहात्याकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी क्रेटांच्या उतरंडी लागतात, आणि माझ्या नाकात भलताच वास शिरतो. पेरूचा तर असतोच. त्याच्या मागोमाग तापलेल्या राळेचा, वितळलेल्या कथलाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचाही येतो. मोटारसायकल बाजूला घेऊन मी किलोभर पेरू घेतो, त्यातला एक तिथंच शर्टाला पुसून खातो. विकणाऱ्या बाईला वाटतं, म्हातारा पेरूच्या आशेनं थांबला. मी खरं तर या दोन वासांच्या शेजाराचा विचार करत असतो. दुसऱ्या कुणाच्या नाकात हे दोघं एका घरात राहत असतील असं मला वाटत नाही.

मी मुळात चौकस माणूस. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात सबंध नोकरी वायरमन म्हणून काढली, पण पोटासाठी काढली असं म्हणवत नाही. आवडीनं काढली. बंद पडलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात आणि चालू वस्तू दिसली की जास्तच शिवशिवतात. आमची मंडळी म्हणते, "ह्यांना ताट वाढलं तर आधी ते उलटं करून बघतील, खाली काय जोडलंय म्हणून." दिवा लागतो हे सगळ्यांना पुरतं. तो का लागतो हे विचारल्याशिवाय मला घास उतरत नाही.

ज्या हंगामाची ही गोष्ट आहे तो माझ्या निवृत्तीनंतरचा पहिला. पाचेक वर्षं झाली. कारखान्याचं गाळप सुरू झालं, भोंगा वाजला, आणि मी सवयीनं उठून तोंडबिंड धुऊन, डबा कुठंय म्हणून विचारत उभा राहिलो. मग आठवलं. त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या पंख्यांना तेल घातलं. ज्यांना तेल लागत नाही त्यांनाही घातलं. चौथ्या-पाचव्या दिवशी आक्काचा फोन आला, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं असणार.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पुणतांब्याला दिलेली. गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर त्यांचा पेरूचा लहानसा बाग आहे, आणि बागेच्या टोकाला घर. दाजी मालगाडीचे ड्रायव्हर. सगळा जन्म इंजिनात गेला, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण बाजूचं दिसायचं बंद झालं, पाइपातून बघावं तसं. अशा माणसाच्या हातात गाडी देत नाहीत, आणि देऊही नये. त्यांना खुर्चीवरचं काम दिलं. दोन वर्षं ते खुर्चीत बसले आणि घरी आले ते ओसरीतल्या खुर्चीत बसले.

"दत्तू," आक्का फोनवर म्हणाली, "हे गाड्या सांगायचे बंद झालेत."

घरी आल्यापासून दाजींचा एक उद्योग होता. स्टेशन जवळच आहे. आवाज आला की ते आत ओरडून सांगायचे, "रिकामी हाय, पेट्रोलची." "डबल इंजिन लावलंय." "हा पोरगा ब्रेक लई जोरात दाबतो." आक्का भाकरी थापता थापता "व्हय का" म्हणायची. आणि आता आठ दिवस झाले, गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि ओसरीतून आवाज नव्हता. माणूस जेवत होता, झोपत होता, विचारलं तर बोलत होता. पण आक्काला कळलं होतं की काहीतरी विझत चाललंय. ती घाबरली होती. मीही घाबरलो. दाजी मला वडिलांच्या जागी.

माझ्याकडं एक पेटी होती. कारखान्यातले आमचे एक केमिस्ट साहेब नोकरी सोडून लांब गेले, तेव्हा सामान हलकं करायला त्यांनी ती मला दिलेली. आत विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या रेल्वेचं सामान होतं. खेळणं म्हणायचं, पण काय काम होतं. वीतभर लांबीची दोन इंजिनं, खिडकीला काच, चाकाला दांडे. आठ-दहा डबे, ढीगभर रूळ, आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर, त्यावर वेग कमीजास्त करायचं बटण. साहेब म्हणाले होते, "दत्तोबा, तुम्ही उघडून बघाल म्हणूनच तुम्हाला देतोय." मी पेटी मोटारसायकलला बांधली आणि पुणतांब्याला गेलो.

पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलाएवढा गोल केला, गाडी सोडली. दाजींनी दोन फेऱ्या बघितल्या. तिसऱ्या फेरीला म्हणाले, "हा घाण्याचा बैल झाला, दत्ता."

"मग काय पायजे?"

दाजी म्हणाले, "समोरून गाडी यायला पायजे. क्रॉसिंग पायजे. आपन लूपात, बाजूच्या रुळावर, थांबायचं, समोरची जाऊ द्यायची, मग निघायचं. त्याला गाडी चालवनं म्हनत्यात."

त्या वेळी पुणतांब्याला एकच लाईन होती, दुसरीचं काम चाललं होतं. दौंड-मनमाड लाईननं प्रवास केलेल्या प्रत्येकाला क्रॉसिंग माहीत आहे. आडरानात गाडी थांबते, माणसं खाली उतरून पाय मोकळे करतात, कुणीतरी "क्रॉसिंग हाय" म्हणतं आणि सगळ्यांचं समाधान होतं. माझं कधी झालं नाही. कुणी थांबायचं हे कोण ठरवतं? समोरच्याला कसं कळतं? पुणतांब्यातच राहणारे शेखमास्तर निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांना मी विचारलं, तर त्यांनी चहा गार होईपर्यंत सांगितलं. पूर्वी दोन स्टेशनांच्या मधल्या रुळासाठी लोखंडाचे गोळे असत, दोन्हीकडच्या यंत्रांत कुलूपबंद. एक गोळा बाहेर निघाला की दुसरा निघूच शकत नसे. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, रूळ त्याचा. "माणूस चुकेल हो," शेखमास्तर म्हणाले, "म्हणून गोळ्याला विचारायचं, माणसाला नाही." हे ऐकून मी घरी जाताना दोनदा रस्ता चुकलो, एवढा त्या गोळ्याच्या नादात होतो.

तर दोन गाड्या चालवायच्या. आता खेळातल्या रेल्वेची गंमत अशी, की वीज रुळातून येते. एका रुळातून आली, इंजिनातून फिरली, दुसऱ्या रुळातून परत गेली. म्हणजे दोन इंजिनं रुळावर ठेवली तर बटण फिरवल्याबरोबर दोन्ही पळणार. एकाला थांबवलं तर दोन्ही थांबणार. मग करायचं काय? रूळ कापायचा. करवतीच्या पानानं एका बाजूच्या रुळाला नखभर फटी पाडायच्या आणि त्याचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला आपली तार आणि आपला खटका. खटका वर केला की त्या तुकड्याला दाजींच्या बटणाची वीज, खाली केला की दुसऱ्या माणसाच्या बटणाची, आणि मधे ठेवला की तुकडा मेलेला. गाडी पुढच्या तुकड्यात जायच्या आधी तो तुकडा आपल्याकडं मागून घ्यायचा, गेली की सोडून द्यायचा.

मी हे कागदावर काढून समजावत होतो आणि दाजी "हां, हां" म्हणत होते. आक्का दारात पेरू निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "पाटाची बारीच की ही. एकाचं दार उघडलं की दुसऱ्याचं बंद." मी म्हणालो, अगदी तसंच. आणि मनात म्हणालो, मला हे समजायला अर्धा दिवस लागला होता.

"पन दुसरी गाडी चालवनार कोन?" दाजींनी विचारलं.

मी आक्काकडं बघितलं. ती म्हणाली, "मला न्हाई जमायचं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "किती बटनं हायेत?"

तिथून पुढचे वीस दिवस माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या दिवसांत धरतो. रोज सकाळी मी जायचो. ओसरीत पेरूच्या क्रेटांवर प्लायवूडचे दोन तक्ते टाकलेले. बागेत तोड चालू, बायका पेरू आणून ओतायच्या, आक्का निवडायची, आणि त्या वासात मी तक्त्याखाली उताणा पडून तारांना डाख द्यायचो. राळेचा धूर वर जायचा. दाजी वर बसून बोटांनी रूळ चाचपायचे आणि सांगायचे, "इथं सांधा उचललाय." ते बरोबर असायचं. डोळ्याला न दिसणारी उंची त्यांच्या बोटाला कळत होती. बाहेरून गाडी गेली की मी तक्त्याखालून कान द्यायचो. बाराव्या-तेराव्या दिवशी वरून आवाज आला, "कांदा चाललाय. बेचाळीस डबे." आक्का पेरू निवडत होती. तिनं "व्हय का" म्हटलं, आणि पदरानं डोळे पुसले.

रुळाचे तुकडे सहा झाले होते. दाजींनी त्यांना स्टेशनाच्या भाषेत नावं दिली, होम, लूप, मेन, स्टार्टर. आक्कानं त्यांना विहिरीचा, बांधाचा, लिंबाखालचा अशी नावं दिली. दोघंही माघार घेईनात, म्हणून मी खटक्याखाली दोन-दोन नावं लिहिली.

आता माझ्या हुशारीबद्दल सांगायला पाहिजे. पेटीत ट्रान्सफॉर्मर एकच होता. माणसं दोन. मी म्हटलं, त्यात काय, एकाच ट्रान्सफॉर्मरवरून दोन बटणं काढू. गावात एका डीपीवरून शंभर घरं चालतात, इथं तर दोनच खुर्च्या. प्रत्येक खुर्चीपुढं एक बटण आणि गाडी पुढं-मागं न्यायचा एक दिशेचा खटका. आणि न कापलेला जो दुसरा रूळ होता, तो दोघांचा सामाईक ठेवला. गावाला न्यूट्रल एकच असतो, प्रत्येक घराला वेगळा कोण ओढतो? निम्मी तार वाचली. मी दाजींना दाखवलं, दाजी म्हणाले, "वा." दोन्ही गाड्या एकामागून एक सोडल्या. एक जोरात, एक हळू. एक थांबवली, दुसरी चालू. मी असा फुशारलो की त्या रात्री मंडळीला जेवताना पुन्हा सगळं सांगितलं.

रविवारी शेखमास्तरांना बोलावलं. बागेतल्या दोघी-तिघी आणि शेजारचे दोघं आले. चिरलेले पेरू, मीठ-तिखट, चहा. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या खुर्चीवर. आक्का समोरच्या खुर्चीवर, पदर खोचलेला. दाजींची गाडी लूपात उभी. आक्काची समोरून यायची. म्हणजे तिच्या गाडीचं तोंड उलटं, म्हणून तिनं दिशेचा खटका मागं घेतला, आणि हळूच बटण फिरवलं.

टक्.

ट्रान्सफॉर्मरचा कटआऊट पडला. लाल दिवा. सगळं मेलेलं. मी कटआऊट चढवला. लाल दिवा गेला. आक्कानं बटण फिरवलं. टक्. पुन्हा चढवला. दाजींनी आपली गाडी जरा हलवली, हलली. आक्कानं हात लावला. टक्.

माणसं हसायला लागली. वाईट हसत नव्हती, पण हसत होती. आणि मी, ज्याची हुशारी चारचौघांत उघडी पडत होती, तो म्हणालो, "आक्का, तू हात लावू नको बरं. हळू फिरव म्हणून किती वेळा सांगितलं. ते काय गॅसचं बटण आहे का?"

ती उठली. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. चहा आला, पण तो दुसऱ्या कुणीतरी आणला.

एक गोष्ट इथं सांगायची तर लाज वाटते, पण सांगतो. आमच्या घरात गणित मला नव्हतं येत, आक्काला येत होतं. माझी पाढ्यांची पाटी ती भरायची. सातवीनंतर तिला घरी बसवलं, आणि मी आयटीआयला गेलो. मला वायरमन करायला जे डोकं लागलं ते घरात होतं, फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर होतं. हे मला त्या रविवारीही माहीत होतं. तरी बोललो.

पुढचे नऊ दिवस मी दोष शोधला. शोधणं मला आवडतं, पण ते नऊ दिवस आवडले नाहीत. प्रत्येक डाख काढून पुन्हा दिला. प्रत्येक फटीत लोखंडाचा कीस अडकलाय का म्हणून ब्रश फिरवला. आक्काच्या खुर्चीचं बटण बदललं, खटका बदलला, कोपरगावला जाऊन नवा आणला, तोही बदलला. दुकानदाराला विचारलं. शेखमास्तरांना विचारलं. केमिस्ट साहेबांना फोन लावला, ते म्हणाले, पुस्तक बघून सांगतो, आणि त्यांचं पुस्तक सामानात कुठं गेलं ते त्यांना सापडेना. सगळ्यात चमत्कारिक हे, की एकेकटी तपासली की दोन्ही बाजू निर्दोष. दाजींचा दिशेचा खटका बंद ठेवून मी आक्काची गाडी उलटी नेली, तर लोण्यासारखी गेली. आक्काचा बंद ठेवून दाजींची नेली, तीही गेली. दोघांची एकदम लावली की टक्. जणू एकमेकांचं तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतलेली.

आक्का ओसरीत यायची, क्रेट उचलायची, जायची. मी दोनदा म्हणालो, "बस की, जरा बटण धर." ती म्हणाली, "मला कामं हायेत." दाजी खुर्चीवर बसून असायचे. मी म्हटलं, मी चालवतो दुसरी गाडी. ते म्हणाले, "तू वायरमन. तुला आधी जोडायचंय, का चालवायचंय?" नंतर नंतर ते खुर्चीवरही बसेनात. बाहेरच्या खुर्चीत गेले. एक दिवस मालगाडी येऊन गेली, पुन्हा एक गेली, आणि कुणी काही बोललं नाही. आतमध्ये भाकरीचा आवाज थांबला होता. आक्का वाट बघत होती, हे मला तक्त्याखाली कळलं.

त्याच दुपारी ती क्रेट घेऊन दारात थांबली.

"दत्तू, गाड्या खाली उतरवून बघितलंस का?"

"म्हणजे?"

"रूळ मोकळा ठिवून. गाड्याच न्हाईत असं."

मी वैतागलो होतो. गाडीच नाही तर वीज कशातून फिरणार? पण उचलली दोन्ही इंजिनं आणि फडक्यावर ठेवली. कटआऊट चढवला, तिचा खटका मागं, बटण फिरवलं. टक्.

रुळावर काहीही नव्हतं. मी त्या मोकळ्या रुळाकडं बघत राहिलो.

"आता ह्यांच्या खुर्चीवर बस," ती दारातूनच म्हणाली. "त्यांचा खटका मागं घे. माझा सरळ ठिव."

बसलो. घेतला. या वेळी तिच्या बटणाला काही झालं नाही. दाजींचं बटण फिरवलं आणि टक्.

"मग आता ह्यांचं बी चुकलं का?" आक्कानं विचारलं, आणि क्रेट घेऊन गेली.

मी तसाच बसून राहिलो. दोष हातात नव्हता. खुर्चीत नव्हता, बटणात नव्हता, गाडीतही नव्हता. जो उलट्या दिशेला जाईल त्याच्याकडं तो जात होता. मग मी खडूनं जमिनीवर तारा काढल्या, आणि दोन मिनिटांत सगळं दिसलं. या गाड्यांची वीज घरातल्या विजेसारखी नसते. ट्रान्सफॉर्मरच्या डबीतच तिला सरळ करून बाहेर सोडतात, म्हणून तिला दिशा असते. एका रुळात अधिक, दुसऱ्यात उणे, आणि गाडी उलटी न्यायची तर दोन्हींची अदलाबदल. दाजी सरळ जात होते तेव्हा सामाईक रुळाला उणे जोडलेलं होतं. आक्कानं दिशा फिरवली की त्याच रुळाला तिच्याकडून अधिक जोडलं जायचं. आणि दोघांचं अधिक-उणे येत होतं एकाच ट्रान्सफॉर्मरमधून. म्हणजे मी माझ्या हातांनी ट्रान्सफॉर्मरची दोन तोंडं एकमेकांना चिकटवून ठेवली होती, फक्त कुणीतरी उलटं जायची वाट होती. दोघं एकाच बाजूला तोंड करून चालले असते तर जन्मात कळलं नसतं.

अख्खी नोकरी मी ज्या विजेत काढली तिला पुढं-मागं नसतं. गावाचा न्यूट्रल एक, डीपी एक, आणि कुठल्याही घराला उलट्या दिशेनं जायचं नसतं. दुसऱ्या धंद्यातला माणूस कदाचित हा घोळ घातलाच नसता. त्याला एवढी खात्री नसती.

उपाय साधा. दुसरा ट्रान्सफॉर्मर, आक्काचा वेगळा. दुसऱ्या दिवशी नगरला गेलो, जुन्या बाजारात रेडिओचं सामान मिळतं तिथून आणला. सामाईक रूळ तोच ठेवला. आणि गंमत बघा, एकाच रुळातून आता दोघांची वीज जाते, एकाची या दिशेनं, दुसऱ्याची त्या दिशेनं, आणि घोटाळा होत नाही. प्रत्येकाची आपापल्या घरी परत जाते. तिला घर कसं कळतं? तसं मला उत्तर येतं, आयटीआयच्या वहीत आहे. पण त्या रुळावर बोट ठेवलं की उत्तर पुरेसं वाटत नाही.

रविवारी पुन्हा शेखमास्तर आले, तीच माणसं आली. मी येण्यापूर्वी ठरवलं होतं, काय बोलायचं ते. शेखमास्तरांनी विचारलंच, "मग, फॉल्ट कशाचा निघाला?"

"ट्रान्सफॉर्मरचा," मी म्हणालो.

दाजी आपल्या खुर्चीवर होते. समोरची खुर्ची रिकामी होती. आक्का आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हात ओले.

"समोरून गाडी यायचीय," दाजी म्हणाले. त्यांना ती दिसत नव्हती, ती त्यांच्या बाजूला होती. "ड्रायव्हर कुठंय?"

आक्का हलली नाही. आणि मला कळलं की ती हलणार नाही. ट्रान्सफॉर्मर मी चार आणले तरी हलणार नाही.

"फॉल्ट ट्रान्सफॉर्मरचा नव्हता," मी म्हणालो. "माझा होता. तार मी चुकीची जोडली. आक्कानं बटण बरोबर फिरवलं होतं, तेव्हाही आणि प्रत्येक वेळी. मी तुम्हा सगळ्यांपुढं तिला बोल लावला, तो मागं घेतो. दोष सापडला तोही तिला सापडला."

शेखमास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मान हलवली. आक्कानं पदराला हात पुसले, येऊन खुर्चीवर बसली. खटका मागं घेतला. बटण फिरवलं. काही झालं नाही, म्हणजे जे व्हायचं तेच झालं. तिची गाडी लिंबाखालच्या तुकड्यातून निघाली, विहिरीच्या तुकड्यात आली. दाजींची लूपात उभी. दाजींना तक्त्याचा तो कोपरा दिसत नव्हता. त्यांनी कान दिला आणि विचारलं, "पूर्न आली का?"

"थांबा," आक्का म्हणाली. मग शेवटचा डबा फटीपलीकडं आल्यावर म्हणाली, "आली."

आणि दाजींनी गाडी काढली. ज्या माणसानं जन्मभर सिग्नल स्वतः बघितल्याशिवाय चाक हलवलं नाही, त्यानं तिच्या एका शब्दावर काढली.

आता पुणतांब्याला खरी दुसरी लाईन आली आहे. क्रॉसिंगला गाड्या थांबत नाहीत, एकमेकींच्या शेजारून धडधडत निघून जातात. दाजींना जवळजवळ दिसत नाही. पण ओसरीत तक्ते आहेत, आणि पेरू संपला की दुपारी दोघं बसतात. आक्का आजकाल दाजींना जरा जास्तच वेळ लूपात थांबवते, अशी त्यांची तक्रार आहे. बाहेरच्या गाड्या सांगणं चालू आहे. परवा गेलो तेव्हा म्हणाले, "ह्या नव्या इंजिनांना आवाजच न्हाई, काय सांगनार?" आणि तरी सांगितलं.

त्या रविवारचं थोडं राहिलं. माणसं गेली, आक्का कप गोळा करत होती, मी तारा बांधत होतो. मला एक प्रश्न राहवेना. दारातून जाता जाता कुणाला असं सुचत नाही. गाड्या उतरवायच्या, खुर्च्या बदलायच्या, हे करून बघितल्याशिवाय सुचत नाही.

"आक्का, तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "तू कोपरगावला गेल्तास, हे झोपले हुते. मी बसून सगळं करून बघितलं."

"तिसऱ्या दिवशी? मग सांगितलं का नाहीस? मी आणखी सहा दिवस त्या तक्त्याखाली पडलो होतो."

"सांगनारच न्हवते. ह्यांच्यासाठी तोंड उघडलं." तिनं कप एकात एक घातले. चिडलेली नव्हती, हे जास्त लागलं. "तू दुकानदाराला इचारलंस, मास्तरांना इचारलंस, त्या साहेबाला फोन करून इचारलंस. रोज माझ्या हातची भाकरी खात हुतास, दत्तू. मला इचारशील म्हनून मी रोज वाट बघत हुते."